सावली नसलेली रेघ

काचवाले डाव्या कुशीवर वळले, उशीखाली हात सारला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सर्जनबाईंनी सांगितलं मला. तुमच्यामुळे वाचलो म्हणे मी."

हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या इकोवाल्याचा हात घसरला. छातीला फासलेल्या जेलवरून हातातला प्रोब घसरतो, दिवसातून पन्नासदा घसरतो, त्याचं कोणी काही वाटून घेत नाही. पण आत्ता आख्खं मनगटच सुटल्यासारखं झालं आणि पडद्यावरचं धडधडणारं हृदय जाऊन तिथे नुसता करडा धुरळा उरला. "हं," तो म्हणाला.  बावीस वर्षं त्याची नोकरी चार शब्दांवर चालली होती: वळा, श्वास सोडा, धरा, झालं. आभाराला उत्तर द्यायची वेळ कधी आलीच नव्हती, कारण अकरा नंबरच्या या खोलीत कोणी आभार मानत नाही. आभार वरच्या मजल्यावर मानतात. तिथे खुर्च्या असतात, उजेड असतो, टायवाला डॉक्टर असतो. इथे काळा रंग फासलेली एक खिडकी, अठरावर अडकून बसलेला एसी आणि अंधारात एक माणूस, जो बरगड्यांमध्ये काहीतरी दाबून धरतो आणि बोलत नाही. स्वतःचं एवढं मोठं हृदय बघितलेलं असतं, आणि घरी जाऊन माणसं सांगतात काय, तर जेल किती गार होता ते. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. म्हणजे होती, चांगली दणदणीत होती, पण ती त्याने कधीच गिळून टाकली होती. आणि आता बावीस वर्षांनी पहिल्यांदा कोणी मनापासून आभार मानत होतं, तर ते दुसऱ्या कोणाचं टपाल आपल्या दारात पडावं तसे येऊन पडले होते. पाकिटावर नाव मात्र त्याचंच.

काचवाले बोलतच होते. तीन महिने झाले होते त्यांच्या ऑपरेशनला. छातीच्या मधोमध गुलाबी पडत चाललेला व्रण, त्याखाली नळ्यांच्या दोन खुणा. बायको जिना चढू देत नाही, काच उचलू देत नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलते, म्हणजे ऑपरेशन तिचं झालंय की माझं तेच कळत नाही, असं ते सांगत होते. इकोवाल्याने प्रोब पुन्हा टेकवला. हृदय परत आलं. त्याने ते पाहिलं, म्हणजे डोळे त्याच्यावर ठेवले. ऐकत होता तो एकच वाक्य. तुमच्यामुळे वाचलो. ते खरं होतं. अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं माहीत असलेली माणसं चार: तो स्वतः, त्याची बायको, सर्जनबाई आणि रिपोर्टवर सही करणारे मोठे सर. त्यातले मोठे सर ते विसरले असतील. विसरणं त्यांच्या सोयीचं होतं, आणि सोयीचं ते सगळं त्यांना बरोबर जमतं.

हे उरलेलं अर्धं याच टेबलावर घडलं होतं, दोन वर्षांपूर्वी. काचवाले तेव्हा पहिल्यांदा आले होते. मोठी काच घेऊन तिसरा मजला चढताना दम लागतो, मध्ये थांबलो तर काच खाली ठेवता येत नाही आणि न थांबलो तर मी खाली पडतो, अशी तक्रार घेऊन. सरळ दुखणं होतं. हृदयातून रक्त बाहेर सोडणाऱ्या मोठ्या झडपेला तीन पाकळ्या असतात, यांना जन्मापासून दोनच. त्या दोन पाकळ्या पन्नाशीपर्यंत काम करून करून कडक झाल्या होत्या, कॅल्शियम साचून दगडासारख्या. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र चमकत होत्या. आणि त्या झडपेच्या कड्याच्या मागे, जरा बाजूला, आणखी एक पांढरी रेघ होती. झडपेवर एवढं कॅल्शियम आहे, मग कड्यावरही थोडं सांडलं असेल. त्याने लिहिलं: कड्याच्या मागे कॅल्शियमचा पट्टा. त्या दिवशी बाहेर एकेचाळीस जण होते. एका माणसाला बारा मिनिटं, असा कागद भिंतीवर चिकटवलेला आहे. तो चिकटवणाऱ्याने आयुष्यात कधी हातात प्रोब धरलेला नाही. बारा मिनिटांत कपडे काढायचे, झोपायचं, वळायचं, पुसायचं, कपडे घालायचे. त्यातून उरलेल्या वेळात माणसाचं हृदय बघायचं. पण हे कारण त्याने स्वतःलाही फार वेळा सांगितलं नाही. एकेचाळीस जण होते हे खरं, आणि त्याने बघितलं नाही हेही खरं.

कॅल्शियम दगड असतो. आवाजाच्या लाटा त्यावर आपटून परत येतात, त्याच्या पलीकडे जात नाहीत, म्हणून पडद्यावर कॅल्शियमच्या मागे नेहमी एक काळी सावली पडते. हे त्याला थोरल्या बाईंनी शिकवलं होतं, पहिल्याच आठवड्यात. तेव्हा तो वॉर्डात ट्रॉल्या ढकलणारा होता आणि थोरल्या बाई या खोलीच्या मालकीण. मालकीण म्हणजे काय, आज तो आहे तशीच पगारावरची टेक्निशियन, पण खोलीत शिरताना डॉक्टरसुद्धा दार वाजवायचे. हा पोरगा ट्रॉली लावून झाल्यावरही दारात उभा राहून पडद्याकडे बघत राहतो हे त्यांनी हेरलं. एक दिवस म्हणाल्या, नुसता उभा काय राहतोस, स्वतःच्या बरगड्यांवर बोट ठेव आणि मला मधल्या खिडक्या मोजून दाखव. त्याने मोजल्या. चुकला. पुन्हा मोजल्या. पुढचं वर्षभर तो जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्याच छातीवर प्रोब धरून शिकला. कॉलेज नाही, सर्टिफिकेट नंतर मिळालं, तेही कसंबसं. त्याच्या हाताला डोळे फुटले ते त्या बाईमुळे. त्यांचा एक नियम होता: जुना रिपोर्ट आधी वाचायचा नाही. फाइल पालथी घालायची, बघून घ्यायचं, लिहून काढायचं, मग उघडायची. एखाद्या डॉक्टरने घाई केली तर म्हणायच्या, तुम्हाला कालचंच हवं असेल तर कालचाच कागद न्या, मी कशाला पाहिजे. बाई निवृत्त झाल्या आणि सहा महिन्यांत कॉम्प्युटर आला. त्याला पालथं घालता येत नव्हतं. रोग्याचा नंबर टाकला की जुना रिपोर्ट आपोआप भरून समोर यायचा. मापं तेवढी बदलायची आणि बटण दाबायचं. मापं सगळे बदलतात. वाक्यं कोणी बदलत नाही. वाक्य बदलायचं तर बघावं लागतं. म्हणून त्याचं ते वाक्य सहा महिन्यांनी दुसऱ्याने तसंच ठेवलं, पुढच्या वर्षी नव्या मुलीने तसंच ठेवलं, आणि प्रत्येक वेळी खाली मोठ्या सरांची सही झाली. तीन रिपोर्ट, तीन सह्या. एका माणसाने एकदा न बघितलेली गोष्ट अशी तीन माणसांनी बघितलेली ठरली.

"श्वास सोडा," तो म्हणाला. काचवाल्यांनी सोडला. "धरा."

मग ती सकाळ. ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं आणि फाइलमध्ये ताजा रिपोर्ट हवा म्हणून काचवाल्यांना खाली पाठवलं होतं. नंबर टाकला आणि त्याचं वाक्य समोर आलं. दुसरे टेक्निशियन 'साठा' लिहितात; 'पट्टा' तो एकटाच लिहितो. स्वतःचाच जुना सदरा परक्याच्या अंगावर दिसावा तसं झालं. तरी त्याने काही केलं नाही. हे तो स्वतःपासून लपवत नाही. त्याने मापं घ्यायला सुरुवात केली. काचवाले तेव्हाही बोलत होते, भीतीने जास्तच बोलत होते. एका गिऱ्हाइकाने फोन करून सांगितलं, काच अशी बसवा की कधी पुसायला लागू नये. मी म्हटलं, मग साहेब खिडकी उघडीच ठेवा. आणि स्वतःच्या विनोदावर ते असे खदखदून हसले की छाती हलली आणि प्रोब एक बरगडी खाली सरकला. ती रेघ लांब झाली. एक होती तिच्या दोन झाल्या, एकमेकींना समांतर, मध्ये काळी पोकळी. आणि मागे सावली नव्हती. कुठेच नव्हती. त्याने वाहतं रक्त रंगात दाखवणारं बटण दाबलं, मापायचा वेग कमी केला, आणखी कमी केला, आणि त्या पोकळीत ठिपक्याएवढा लाल रंग लुकलुकला. पुन्हा लुकलुकला. ती वाहत होती. पट्टा कसला, ती जिवंत रक्तवाहिनी होती. फाइलमध्ये अँजिओग्राफीचा कागद होता. त्यावर लिहिलं होतं, डाव्या बाजूची एक फांदी दिसली नाही, बहुधा फार बारीक असावी. दोन कागद एकाच फाइलमध्ये, एकाच पिनेला टाचलेले. एकावर हरवलेली वाहिनी, दुसऱ्यावर जादाची रेघ. एवढ्या शिकलेल्या माणसांच्या हातांतून ती फाइल गेली आणि कोणाला दोन कागद शेजारी ठेवावेसे वाटले नाहीत. त्यालाही नाही. एक माणूस स्वतःच्या विनोदावर हसला म्हणून ते दिसलं. इतक्या फालतू गोष्टीवर इतकी मोठी गोष्ट टांगलेली असते, याचा त्याला आजही संताप येतो.

ती फांदी डावीकडून निघायच्या ऐवजी उजवीकडून निघाली होती आणि महाधमनीच्या पाठीमागून, झडपेच्या कड्याला अगदी चिकटून, वळसा घालून आपल्या जागी पोचली होती. हजारात एखाद्याची जाते अशी. चोपन्न वर्षं तिने काचवाल्यांचं काही बिघडवलं नव्हतं, बिचारी लांबच्या वाटेने का होईना पण रोजचं रक्त पोचवत होती. पण नव्या झडपेचे टाके त्याच कड्यातून जातात. त्या जागी एक टाका जरा जास्त खोल गेला, किंवा झडप एक माप मोठी बसली, की वाहिनी आवळली जाणार आणि छाती शिवून होईपर्यंत हृदयाची मागची भिंत गेलेली. सर्जनच्या हातातला कागद सांगणार, तिथे दगड आहे, घाल बिनधास्त टाका. आणि तो कागद याने लिहिलेला.

तो आधी मोठ्या सरांकडेच गेला. रीत तशी आहे. सरांनी पडद्यावरचा फोटो मोबाइलवर पाहिला, तोही चालता चालता, आणि म्हणाले की हे कॅल्शियमच आहे, तीनदा आलंय, माझी सही आहे. तो म्हणाला, पहिलं वाक्य माझं आहे सर, आणि ते चुकलंय. सर म्हणाले, मग आता बरोबर कशावरून? लिफ्टचं दार मिटलं. प्रश्न चांगला होता, हे त्याला रागातही कळलं. संध्याकाळी तो घरी गेला आणि दोरीवरचे कपडे काढणाऱ्या बायकोच्या मागे मागे फिरत त्याने सगळं सांगितलं. सरांना ओलांडून सर्जनकडे गेलो तर कारवाई होईल; चूक माझी म्हणून लिहून द्यावं लागेल; त्या चिठ्ठीवर ते मला कधीही काढतील. ती लाँड्रीच्या काउंटरवर बसते, लोकांचे डाग बघून बघून तिला माणसांचं फारसं आश्चर्य वाटत नाही. उशीचा अभ्रा झटकत ती म्हणाली, "नोकरी गेली तर दुसरी बघू. तो माणूस गेला तर दुसरा कुठून आणणार आहात?" आणि अभ्रा त्याच्या खांद्यावर टाकून आत गेली. कपड्यांच्या घड्या घालायची पाळी त्याची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर फोटो हातात धरून दोन तास उभा राहिला. सर्जनबाई बाहेर आल्या, बुटक्या, कपाळावर टोपीचा वळ, उभ्या उभ्या केळं खात. त्यांनी फोटो घेतला. चावणं थांबलं. फोटो तिरका करून पाहिला, मग अँजिओग्राफीचा कागद मागितला. विचारलं, "कॅल्शियम कोणी लिहिलं होतं?" तो म्हणाला, "मी." बाई म्हणाल्या, "बरं." एवढंच. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते तो तीन महिने शोधत होता. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान हिशेब मिटला असता. त्यांनी केळ्याची साल त्याच्या हातात दिली, फोन लावला, ऑपरेशन पुढे ढकललं आणि त्याच दिवशी सीटी स्कॅन करून घेतलं. सीटीत ती वाहिनी अशी स्वच्छ दिसली की पोरानेही बोट ठेवावं. ऑपरेशनच्या दिवशी बाईंनी त्याला आत बोलावलं. अन्ननलिकेतून घातलेल्या प्रोबचं चित्र भूलतज्ज्ञ बघतातच, पण त्या म्हणाल्या, मला आणखी दोन डोळे हवेत. बाईंनी ती वाहिनी कड्यापासून केस सोडवावा तशी सोडवली, झडप एक माप लहान घेतली, त्या जागचे टाके वरवर घातले, एकेक टाका घालताना खोलीत कोणी हलत नव्हतं. मग हृदय पुन्हा सुरू केलं. मागची भिंत हलेना. सात-आठ ठोके हलली नाही. थंड पडलेलं हृदय जागं व्हायला वेळ घेतं हे त्याला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं, पण ते सात-आठ ठोके त्याने कशावर काढले ते त्याला सांगता येणार नाही. देवाचं नाव घेतलं नाही. त्या अनोळखी माणसालाच तो मनात म्हणत राहिला, काचवाले, हलवा. हलवा ना. आणि भिंत हलली. आधी चोरट्यासारखी, मग जोरात. बाई मास्कच्या आतून म्हणाल्या, "बघताय ना?" तो म्हणाला, "बघतोय."

त्यानंतर मोठे सर पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाहीत आणि टेक्निशियननी परस्पर सर्जनला भेटू नये असा कागद भिंतीवर लागला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याच्या आत एक भलतीच गोष्ट येऊन बसली होती आणि तिच्यापुढे हे सगळं चिल्लर होतं. सकाळी दात घासताना, बसमध्ये दांडा धरून उभं असताना, अचानक त्याला ती भिंत हलताना दिसायची आणि आभार मानावेसे वाटायचे. थोरल्या बाईंचे, ज्यांचा नियम त्याने मोडला होता. बायकोचे, सर्जनबाईंच्या त्या कोरड्या 'बरं'चे. पण सगळ्यात जास्त काचवाल्यांचे. त्या माणसाने जगून याच्यावर उपकार केले होते. मेला असता तर कोणालाही कळलं नसतं. कागदावर लिहिलं गेलं असतं, ऑपरेशनमधली गुंतागुंत, खाली सही. याला स्वतःलाही कळलं नसतं. तो आजही इथे बसून निवांतपणे मापं बदलत राहिला असता. आणि आता तोच माणूस पाठमोरा झोपून त्याचे आभार मानत होता.

"तुमच्या वहिनींनी डबा दिलाय तुमच्यासाठी," काचवाले सांगत होते, म्हणजे त्यांची बायको. बाहेर बसलीये. तुम्हाला बघायचंय तिला. म्हणाली, ज्याने माझा संसार वाचवला तो माणूस दिसतो तरी कसा.

"ती रेघ मी आधीही बघितली होती," इकोवाला म्हणाला.

काचवाले थांबले. "म्हणजे?"

"दोन वर्षांपूर्वी. तुम्ही इथेच झोपला होता. मी तिला कॅल्शियम म्हणून लिहिलं. चुकीचं लिहिलं. पुढच्यांनी माझं बघून तेच ठेवलं. तुमचं ऑपरेशन तेव्हाच ठरलं असतं तर त्या कागदावर झालं असतं."

पाठमोरा माणूस हलला नाही. पण पडद्याच्या खालच्या कडेला नाडीचा आकडा असतो. तो बहात्तर होता. अठ्ठ्याहत्तर झाला. शहाऐंशी. इकोवाल्याने आयुष्यात पुष्कळ राग सोसले होते, आवाजातले, डोळ्यांतले, कागदावरचे. माणसाच्या तोंडून शब्द निघायच्या आधी त्याचा राग असा उघडा त्याने कधी पाहिला नव्हता. ब्याण्णव. नजर दुसरीकडे वळवावी असं वाटलं. परवानगी न घेता कोणाच्या घरात डोकावल्यासारखं होतं ते. त्याने वळवली नाही. एवढं तरी आपण बघितलंच पाहिजे, असं त्याला वाटलं.

"बाईंना माहीत होतं हे?" काचवाल्यांनी विचारलं. आवाज भिंतीवर आपटून आला.

"हो. पण सांगायचं काम माझं होतं."

 काचवाल्यांचा उशीखालचा हात बाहेर आला, व्रणापाशी गेला, तिथेच पडून राहिला. "दोन वर्षं मी काचा वाहिल्या," ते हळू म्हणाले. कोणाला म्हणाले कळलं नाही. मग थोड्या वेळाने, "माझ्या बायकोला यातलं काही सांगू नका. ती डबा परत घेईल, आणि मग घरी मला दोन वेळा तेच खावं लागेल."

इकोवाल्याला हसू आलं नाही.  आकडा नव्वदवर आला, चौऱ्याऐंशीवर आला, तिथे रेंगाळला. पूर्ण खाली नाही आला. माफ केलं असं काचवाले म्हणाले नाहीत. त्यानेही माफी मागितली नव्हती.

"आता काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला काहीच लागलं नसतं. छान आहे, म्हणायचं. सगळे तेच म्हणतात. "खरं सांगू?" तो म्हणाला. "दहा मिनिटं झाली, मी तुमच्या छातीवर हात धरून बसलोय आणि मी काही बघितलेलंच नाही."

काचवाल्यांनी मान वळवून पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. अंधारात त्यांना काय दिसलं असेल कोणास ठाऊक. एक टक्कल, चष्म्यावर पडद्याचा निळा उजेड. मग त्यांनी मान पुन्हा फिरवली आणि उशी नीट केली.

"मग बघा ना नीट," ते म्हणाले. "पहिल्यापासून बघा. मला काही घाई नाही."

दारावर टकटक झाली. बाहेरून शिपाई ओरडून सांगत होता की अजून अठरा जण आहेत आणि एक बाई डबा घेऊन केव्हाची उभी आहे.  इकोवाल्याने जागा पुसून घेतली, बरगडी चाचपली, तिच्या खालची खिडकी शोधली आणि प्रोब टेकवला. करड्यातून हळूहळू एकेक कड वर आली, नवी झडप उघडली, मिटली. तो तिथे थांबला नाही. कड्याच्या मागे गेला, आणि तिथून त्या मागच्या भिंतीकडे. ती आत येत होती, बाहेर जात होती, पुन्हा आत येत होती, आणि तो बघत होता.